खिडकीतली मेथी आणि घरातले वडीलधारे

'डॉक्टर, घरातल्या घरात थोडी भाजी लावली तर चालेल का?' हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आता वरचेवर विचारला जातो. विचारणारे बहुधा सत्तरीच्या पुढचे असतात. मोरीच्या पाण्यावर पोसलेले अळू, कुंपणावरचे घोसाळे आणि दारातली तुळस मागे ठेवून ते मुलाच्या किंवा मुलीच्या दोन खोल्यांच्या घरी राहायला आलेले असतात. कधी हाच प्रश्न सुनेकडून किंवा मुलीकडून येतो आणि तेव्हा त्यात थोडी धास्ती मिसळलेली असते. ओली माती, डास, निसरडी फरशी, शिवाय 'बाबा पुन्हा स्टुलावर चढतील' ही भीती. दोन्ही बाजू मला पटतात. म्हणून या लेखात ज्यांना रोप लावायचे आहे त्यांच्याशी आणि ज्यांच्यावर त्यांच्या शुश्रूषेचा भार आहे त्यांच्याशीही बोलायचे आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केलेली बरी. खिडकीत पिकवलेल्या भाजीने आपली मंडईची फेरी वाचणार नाही. श्रीखंडाच्या किलोभराच्या डब्यातून एका खेपेला निघणारी कोवळी मेथी वाटीभर मुगाच्या डाळीत घालण्यापुरती असते. तिच्यातून मिळते ते बाजारातल्या जुडीतूनही मिळते. उतारवयात शाकाहारी मंडळींत वारंवार आढळणारी ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता तर कोणत्याच पालेभाजीने भरून निघत नाही. खोलीत चार कुंड्या ठेवल्या की हवा शुद्ध होते असे सांगितले जाते. तेवढ्या रोपांनी हवेत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. रात्री झाडे प्राणवायू शोषतात, म्हणून ती झोपायच्या खोलीत नकोत, ही भीतीही निराधार आहे. शेजारी झोपलेला माणूस त्याहून कितीतरी अधिक प्राणवायू वापरतो. बंद काचेतून येणाऱ्या उन्हात रोपांपाशी बसल्याने ड जीवनसत्त्व मिळेल, अशीही आशा धरू नये. ज्या किरणांमुळे ते त्वचेत तयार होते, ते काच अडवून धरते.

मग हा खटाटोप कशासाठी? आपल्या घरातील वृद्ध व्यक्तीचा दिवस एकदा डोळ्यांसमोर आणा. चहा हातात मिळतो, गोळ्या कुणीतरी काढून देते, जेवणाची वेळ दुसरा ठरवतो, फिरायला केव्हा जायचे तेही दुसराच ठरवतो. हे सारे प्रेमापोटीच होते. पण त्या दिवसभरात त्यांच्यावाचून अडेल असे काहीच उरत नाही. मेथीच्या डब्याला मात्र सकाळी पाणी लागते, आणि ते त्यांनी घालायचे असते.

अमेरिकेतील एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगण्यात आले की, आपल्या दिवसाचे निर्णय आपण स्वतः घ्यायचे आहेत. त्यांना रोपे निवडू दिली आणि त्यांची निगा त्यांच्याच हाती सोपवली. दुसऱ्या मजल्यावरील वृद्धांनाही रोपे मिळाली, परंतु पाणी घालण्याचे काम परिचारिकांकडे राहिले आणि इतर गोष्टीही आम्हीच पाहू, असे त्यांना सांगितले गेले. तीन आठवड्यांनंतर पहिल्या मजल्यावरची मंडळी अधिक उत्साही, अधिक सावध आणि अधिक मिळूनमिसळून वागणारी दिसली. प्रयोग लहान होता आणि सारे श्रेय रोपाला देता येत नाही. इतर निर्णयही त्यांच्या हाती दिलेले होते. तरी एवढे ध्यानात ठेवण्याजोगे आहे की रोपे दोन्ही मजल्यांवर होती.

यावरून शुश्रूषा करणाऱ्यांना माझी विनंती अशी की, रोप त्यांचे असू द्या. ते दुपारी झोपले असताना घाईघाईने पाणी घालून टाकू नका. डबा वाकडा ठेवलेला असला, माती थोडी सांडली, बी दाट पडले, तरी चालू द्या. माझ्या एका रुग्ण आजींचे खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाली होती. व्यायाम म्हणून चालायला सांगितले की त्यांचे पाय दुखत. स्वयंपाकघराच्या खिडकीत धणे पेरल्यावर मात्र कोथिंबीर वर आली का हे पाहायला त्या वॉकर घेऊन दिवसातून चार वेळा जाऊ लागल्या. धणे उगवायला फार वेळ लावतात, हे त्यांच्या बाबतीत उपयोगीच पडले!

काय लावावे, कोठे लावावे

आधी उजेड पाहावा, मग बी आणावे. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते, पण मे ते जुलै या काळात आपल्याकडे सूर्य डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडे असल्याने तिथे ऊन फारसे उतरत नाही. पश्चिमेच्या खिडकीत उन्हाळ्यातील दुपारचे ऊन कोवळी रोपे करपवते. तिथे पातळ पडदा हवा. उजेडाची परीक्षा सोपी आहे. भर सकाळी खिडकीत पांढरा कागद ठेवून त्यावर हातभर उंचीवर पंजा धरावा. सावलीत बोटे स्पष्ट दिसली तर पालेभाजी होईल. नुसता अस्पष्ट डाग दिसला तर पुदिन्यावर समाधान मानावे. अगदी अंधाऱ्या घरात पांढऱ्या उजेडाची साधी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर लावून दिवसाला बारा-चौदा तास ठेवल्यास कोवळी मेथी येते. मात्र जोडणी विजेच्या कारागिराकडून करून घ्यावी आणि पाणी घालताना वायरीपाशी हात जाणार नाही, अशी तिची जागा असावी.

टोमॅटो, वांगी, भोपळा यांचा मोह टाळावा. त्यांना सहा तासांचे ऊन आणि खोल माती लागते. घरात ती उंच, फिकट आणि निष्फळ वाढतात आणि लावणारा हिरमुसतो. मिरचीचेही बहुधा तसेच. सुरुवात करायची ती मेथीपासून. मुंबईच्या बाजारात मुळांसकट मिळणारी इवल्या पानांची जुडी, जिला समुद्र मेथी म्हणतात, ती वाळूतच वाढवलेली असते. जे पीक नुसत्या वाळूत दाटीवाटीने वाढते, त्याला श्रीखंडाचा डबा पुष्कळ झाला.

डब्याच्या तळाला तापवलेल्या खिळ्याने सहा-सात भोके पाडावीत. हे काम घरातल्या तरुण माणसाने करावे. भिजवलेले कोकोपीट आणि गांडूळखत निम्मे निम्मे मिसळून अडीच-तीन इंचांचा थर द्यावा. निव्वळ माती जड होते. बारा इंचांची मातीने भरलेली ओली कुंडी उचलणे म्हणजे ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी मणक्याच्या दुखण्याला आमंत्रण देणेच होय; डबा एका हाताने उचलता येतो. स्वयंपाकघरातले मूठभर मेथीदाणे रात्री भिजत घालून सकाळी थरावर एकमेकांना लागतील असे दाट पसरावेत, वर बोटाच्या पेराएवढेही नाही इतके पातळ मिश्रण भुरभुरावे, पाणी शिंपडून ओल्या फडक्याने झाकावे. दोन-तीन दिवसांत कोंब दिसले की फडके काढून डबा खिडकीत ठेवावा. दहा-बारा दिवसांत दोन जाड पाने आणि मधून डोकावणारे पहिले तीन पाकळ्यांचे पान दिसते. तेव्हा कात्रीने बुडाजवळ कापून घ्यावी. दाट पेरलेली मेथी सहसा पुन्हा फुटत नाही. म्हणून दोन डबे आठवड्याच्या अंतराने पेरावेत. एक कापायला येतो तेव्हा दुसरा उगवत असतो, आणि रोज पाहण्याजोगे काहीतरी राहते.

धणे चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन भाग करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस, कधी त्याहून अधिक लागतात. उन्हाळ्यात कोथिंबीर नीट येत नाही, लगेच फुलावर जाते. दिवाळीनंतर पेरलेली उत्तम. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या खालची पाने काढून पेलाभर पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळे धरतात. मोड आलेला कांदा किंवा लसणाच्या पाकळ्या ओल्या कोकोपीटमध्ये खोचून ठेवल्या तर पात येते, आणि लसणाची पात आठ-दहा दिवसांत कापण्याजोगी होते. लाल माठ व पालक यांना वीतभर खोलीची कुंडी आणि तीन-चार तासांचे ऊन हवे. ज्यांची नजर मंदावली आहे त्यांच्यासाठी ओव्याच्या पानांचे रोप मला विशेष आवडते. पाने जाड, लवदार, हाताला कळणारी, वास तीव्र, आणि पाणी चार दिवस विसरले तरी ते तक्रार करीत नाही.

वासावरून आठवले. पुदिन्याचे पान चुरगळून नाकाशी धरल्यावरही ज्यांना वास येत नाही, त्यांना गॅसची गळतीही कळणार नाही. अशा व्यक्तीला स्वयंपाकघरात एकटे सोडण्यापूर्वी विचार करावा आणि आम्हा डॉक्टरांनाही ते सांगावे.

औषधे आणि खाणे

हृदयाची झडप बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या काही रुग्णांना वॉरफरिन अथवा असेनोकुमारॉल ही रक्ताची गुठळी रोखणारी गोळी चालू असते. हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असते आणि ते या गोळीच्या नेमके उलट काम करते. खिडकीत पीक आले म्हणून आठवडाभर रोज पालक-मेथी खाल्ली आणि पुढचे पंधरा दिवस पानही नाही, असे झाले तर आयएनआर खालीवर होतो. एकदा गुठळीचा धोका, एकदा रक्तस्रावाचा. पालेभाजी सोडण्याची मुळीच गरज नाही. रोज साधारण सारख्याच प्रमाणात खावी आणि प्रमाण बदलणार असेल तर तपासणीच्या वेळी सांगावे. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा अपिक्साबान, रिव्हरॉक्साबान यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना ही अडचण नसते. सगळ्यांनाच 'रक्त पातळ करायची गोळी' म्हटले जाते, म्हणून घोटाळा होतो. पाकीट पाहून नाव वाचावे.

ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांच्या रक्तात पोटॅशियम साठते. अशा व्यक्तींनी पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून दिल्यास पोटॅशियम कमी होते. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालकाऐवजी मेथी लावावी. आणि मधुमेही वाचकांनो, डबाभर मेथीने साखर उतरली असे समजून गोळी स्वतःच्या मनाने कमी करू नका.

मोडांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय या जंतूच्या एका उग्र प्रकाराची साथ आली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली, अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली. शोध घेता घेता संशय येऊन थांबला तो मोड आलेल्या मेथीवर. दाण्याच्या सालीवर असलेला जंतू मोड येण्याच्या उबदार, दमट अवस्थेत झपाट्याने वाढतो आणि वरवर धुतल्याने जात नाही. आपल्याकडे उसळ शिजवून खाण्याची रीत आहे, ती किती शहाणपणाची आहे हे अशा वेळी कळते. मोड कच्चे खाण्याची नवी आवड तरुणांनी जोपासावी की नाही ते त्यांनी पाहावे. पण सत्तरीपुढच्या व्यक्तींनी, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधे घेणाऱ्यांनी मोड शिजवूनच खावेत. मातीत वाढवून बुडाशी कापलेल्या कोवळ्या पाल्यात हा धोका कमी असतो. तरीही तो तीन पाण्यांतून धुऊन उकळत्या आमटीत घालावा आणि दोन मिनिटांनी गॅस बंद करावा. रंग टिकतो, स्वादही टिकतो.

बियाण्यांच्या दुकानातील गुलाबी किंवा निळसर रंग लावलेले बी बुरशीनाशकात घोळवलेले असते. ते मोड आणण्यासाठी वा दाट पेरून लगेच खाण्यासाठी कधीही वापरू नये. कीड पडलीच तर डबा रिकामा करून पुन्हा पेरणे हाच घरातला उत्तम उपाय. तंबाखूचे पाणी फवारण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. निकोटिन हे विष आहे आणि ते आपल्याच जेवणात परत येते. कोणतेही फवारणीचे औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ओतून ठेवू नये. स्मृतिभ्रंशाचे रुग्ण ज्या घरात आहेत तेथे तर खते आणि औषधे कुलपात हवीत, आणि त्यांच्या हाताशी खाण्याजोगीच रोपे असावीत. डिफेनबेकिया, कण्हेर यांसारखी विषारी शोभेची झाडे तिथून हलवावीत.

पडणे, डास आणि हातावरची चीर

कंबरेच्या उंचीचे भक्कम मेज, खिडकीला लागून, समोर पाठ असलेली खुर्ची: एवढी मांडणी जमली तर निम्मी काळजी मिटते. खिडकीच्या वरच्या गजाला टांगलेल्या कुंड्या दिसायला सुंदर, पण त्यांना पाणी घालायला कुणीतरी स्टुलावर चढतोच. जमिनीवर ओळीने ठेवलेल्या कुंड्याही नकोत. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाकून एकदम उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तोल जातो. झारीऐवजी झाकणाला भोके पाडलेली अर्ध्या लिटरची बाटली वापरावी. पाणी सांडत नाही, मनगटावर भार येत नाही.

डब्याखालच्या ताटलीत साचलेले पाणी हे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचे आवडते घर. अंड्यातून डास बाहेर पडायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ताटली दर आठवड्याला नुसती ओतून चालत नाही, घासावी लागते, कारण अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने तग धरतात. पुदिन्याच्या पेल्यातले पाणी दर दोन दिवसांनी बदलावे.

मातीत हात घालताना रबरी हातमोजे असावेत. मधुमेह्यांच्या बोटांना चीर पडलेली कळत नाही आणि ती लवकर भरत नाही. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास ती पुन्हा घ्यावी. दम्याचा त्रास असलेल्यांनी कोरडे खत किंवा कोकोपीट झटकू नये. आधी पाणी शिंपडून मग हाताळावे, नाकावर मुखपट्टी असल्यास अधिक चांगले. अर्धांगवायूनंतर एक हात दुबळा झालेल्यांना मात्र मी मातीपेक्षा निवडण्याचे काम सांगते. मेथीचे एकेक पान देठापासून खुडणे हा बोटांचा उत्तम व्यायाम आहे आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही, हे आणखी चांगले.

रोपे काय सांगतात

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते. निवृत्त शिक्षक असलेल्या एका आजोबांचे डबे वारंवार कुजत. घरच्यांनी खत बदलले, भोके वाढवली, बी दुसरे आणले. शेवटी सुनेने एक दिवस घरी राहून पाहिले तेव्हा कळले, की आजोबा दुपारपर्यंत पाच वेळा पाणी घालतात. प्रत्येक वेळी त्यांना वाटते, आज घातलेच नाही. बोलण्यात, वागण्यात तोवर कुणाला काही जाणवले नव्हते. जुन्या आठवणी तर ते तारीखवार सांगत. तिने ही गोष्ट दवाखान्यात येऊन सांगितली म्हणून आम्ही वेळेवर तपासण्या केल्या.

अशा वेळी 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नये. ब-१२ची कमतरता, थायरॉइडचे मंदावलेले काम, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्यांचा परिणाम, कमी झालेले ऐकू येणे, यांमुळेही विस्मरण वाढते आणि यांपैकी पुष्कळशा गोष्टींवर उपाय असतो. कारण स्मृतिभ्रंशाचे निघाले तरी ते लवकर कळल्याने घराला तयारी करता येते. बँकेचे व्यवहार, औषधांची मांडणी, एकट्याने बाहेर जाणे यांचा विचार वेळेवर होतो. याच्या उलट चित्रही पाहायला मिळते. ज्यांचा जीव रोपांत होता, त्यांनी दोन-तीन आठवडे खिडकीकडे पाहिलेही नाही, डबे वाळून गेले, आणि विचारल्यावर 'काय करायचंय आता' एवढेच उत्तर आले, तर ते नैराश्याचे लक्षण असू शकते. भूक आणि झोप यांकडे तेव्हा बारकाईने लक्ष द्यावे, डॉक्टरांना भेटावे. वृद्धांमधील नैराश्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात.

त्या आजोबांचे पाणी घालणे आम्ही थांबवले नाही. सून सकाळी अर्ध्या लिटरची एक बाटली भरून मेजावर ठेवते. दिवसभरात ते तिच्यातून कितीही वेळा घालोत. बाटली रिकामी झाली की आजचे पाणी संपले, हे त्यांनाच दिसते. डबे आता कुजत नाहीत.

रुग्णालयात दाखल व्हावे लागले किंवा महिनाभर दुसऱ्या मुलाकडे जायचे असले, म्हणजे रोपांचे काय, ही चिंता काही जणांना जाण्यापासून रोखते, इतकी की शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकललेली मी पाहिली आहे. मेथी-कोथिंबीर निघण्याआधी कापून घ्यावी आणि डबा उन्हात वाळत ठेवावा. तेच मिश्रण थोडे गांडूळखत घालून पुन्हा वापरता येते. ओव्याचे रोप खिडकीपासून दूर सावलीत राहील. पुदिन्याचा पेला शेजारच्या घरी द्यावा, आणि परत आल्यावर त्यातल्याच दोन काड्या मागून आणाव्यात.